प्रजाती तयार व्हायला लाखो वर्षं लागतात, मग एका आयुष्यात संशोधन कशाचं करायचं?

प्रश्न थोडक्यात असा आहे. कोल्हापुरात बी.एस्सी. प्राणिशास्त्राच्या शेवटच्या वर्षाला असलेल्या एका विद्यार्थ्याला प्रजाती कशा तयार होतात यावर संशोधन करायचं आहे, पुढे प्राध्यापक व्हायचं आहे. वडिलांचं म्हणणं, "ज्याला लाखो वर्षं लागतात ते तू एका जन्मात काय बघणार? आणि पगार कोण देणार?" विद्यार्थ्याचा प्रश्न: हे कोल्हापुरात राहून जमतं का, की बाहेर गेल्याशिवाय गत्यंतर नाही?

मी याच विषयात काम करते. शिकवणं कोल्हापुरात, प्रयोग केळ्यांवर घोंघावणाऱ्या चिलटांवर, म्हणजे ड्रॉसोफिलावर, आणि पावसाळा सुरू झाला की सह्याद्रीत फिरणं. त्यामुळे उत्तर जरा लांबणार आहे.

तुमच्या वडिलांचा पहिला प्रश्न अगदी नेमका आहे. "कोल्हापूर की बाहेर" हा त्याच्यानंतरचा. तुम्ही नक्की काय मोजणार हे ठरलं की कुठे राहायचं हे बरंचसं त्यातूनच ठरतं. काही गोष्टी मात्र तुमच्या परिस्थितीवर आहेत आणि त्या मला इथून दिसत नाहीत: घरचे तुमच्या पगारासाठी पाच-सहा वर्षं थांबू शकतात का, फेलोशिप मिळते का, मार्गदर्शक कसा भेटतो. यातलं काहीही बदललं तर माझा सल्लाही बदलेल.

आता लाखो वर्षांबद्दल. प्रजाती तयार होते म्हणजे व्यवहारात काय होतं? एकाच समूहातले प्राणी दोन गटांत विभागले जातात आणि त्या गटांमधली जनुकांची देवाणघेवाण हळूहळू बंद होत जाते. ती बंद करणाऱ्या गोष्टींना आम्ही अडसर म्हणतो. काही अडसर मीलनाच्या आधीचे असतात: दोघांचा विणीचा काळ वेगळा, नराची साद मादीला ओळखीची वाटत नाही, जागाच वेगळ्या. काही नंतरचे असतात: मीलन होतं, पण गर्भ टिकत नाही, किंवा पिल्लं होतात आणि ती वांझ निघतात. हे अडसर एका दिवसात उभे राहत नाहीत हे खरं, पण आज ते किती उंच आहेत हे आजच मोजता येतं. एखाद्या जोडीत अडसर नुकता पडायला लागलेला असतो, दुसऱ्या जोडीत अर्धा झालेला, तिसऱ्यात पूर्ण. अशा वेगवेगळ्या टप्प्यांवरच्या जोड्या शेजारी ठेवल्या की क्रम दिसायला लागतो. आमचं आयुष्य या मोजमापात जातं.

शिवाय प्रत्येक वेळी लाखो वर्षं लागतातच असंही नाही. गॅलापागोसमधल्या डॅफ्ने मेजर बेटावर 1981 मध्ये दुसऱ्या बेटावरून एक मोठा फिंच पक्षी आला, त्यानं स्थानिक मादीशी जोडी जमवली, आणि त्यांची संतती पुढच्या पिढ्यांमध्ये आपसातच वीण करत राहिली. पीटर आणि रोझमेरी ग्रँट हे दांपत्य 1973 पासून त्या बेटावर पक्षी मोजत होतं म्हणून ही गोष्ट नोंदली गेली. आपल्या जवळचं उदाहरण म्हैसूर विद्यापीठातलं आहे. तिथे ड्रॉसोफिला नसूटा (गुणसूत्रं 8) आणि अल्बोमिकान्स (गुणसूत्रं 6) यांचा संकर करून त्याची प्रजा पिढ्यानपिढ्या बाटल्यांमध्ये वाढवली. त्यातून दोन्ही मूळ गटांपेक्षा वेगळ्या गुणसूत्ररचनेच्या ओळी, म्हणजे बाटल्यांत सलग वाढणारे वंश, स्थिर झाल्या; त्यांना तिथे सायटोरेस म्हणतात. त्या आपसात आणि मूळ गटांशी कशा वागतात यावर अनेक विद्यार्थ्यांच्या पीएच.डी. झाल्या. वडिलांना हे उदाहरण जरूर सांगा.

या विषयात मला स्वतःला सगळ्यात जास्त धरून ठेवणारा प्रश्न संकराच्या वांझपणाचा आहे. नैसर्गिक निवड टिकवते ती जगायला आणि प्रजननाला मदत करणाऱ्या गोष्टी. मग वांझपण तयारच कसं होतं? खुद्द डार्विनला हे कोडं होतं. त्याचं उत्तर जनुकशास्त्रज्ञ बेटसननं 1909 मध्ये सुचवलं आणि 1930-40 च्या दशकांत डॉबझान्स्की आणि म्युलर यांनी ते नीट मांडलं. मी वर्गात ते असं सांगते. मूळ समूहात दोन जनुकं आहेत, क आणि ख, दोन्ही एकमेकांशी जुळवून काम करतात. समूह दुभंगतो. एका बाजूला क बदलून का होतो. तो ख बरोबर छान चालतो, म्हणून पसरतो. दुसऱ्या बाजूला ख बदलून खा होतो; तो जुन्या क बरोबर छान चालतो, म्हणून तोही पसरतो. दोन्हीकडे कुणालाच कसला त्रास नाही. पण का आणि खा एकाच शरीरात कधी एकत्र आलेलेच नाहीत, त्यांची जोडी निवडीच्या चाळणीतून कधी गेलेलीच नाही. संकरित पिल्लात ते पहिल्यांदा समोरासमोर येतात आणि तिथे बिघडतं. म्हणजे वांझपणासाठी निवड झालेलीच नसते, तो वेगळ्या वाटांनी गेल्याचा उपपरिणाम असतो. हा युक्तिवाद कागदावर स्वतः दोनदा मांडून पाहा, कारण पुढचं सगळं त्यावर उभं आहे.

त्याला जोडूनच ब्रिटिश जनुकशास्त्रज्ञ हाल्डेन यांचा नियम येतो, 1922 चा. दोन प्रजातींच्या संकरात एकच लिंग वांझ किंवा दुर्मीळ असेल तर ते बहुतेक वेळा दोन वेगवेगळी लिंगगुणसूत्रं असणारं लिंग असतं. चिलटांत आणि सस्तन प्राण्यांत ते नर (एक्स-वाय), पक्ष्यांत आणि फुलपाखरांत मादी. एक कारण असं की नराकडे एक्स एकच असतं, त्यामुळे त्याच्यावरचं अप्रभावी पण न जुळणारं जनुक झाकायला दुसरी प्रत नसते. हे हाल्डेन 1957 मध्ये भारतात आले, कोलकात्याच्या भारतीय सांख्यिकी संस्थेत त्यांनी काम केलं, भारताचं नागरिकत्व घेतलं आणि 1964 मध्ये भुवनेश्वरला त्यांचं निधन झालं. हा विषय परदेशी आहे, आपल्याकडे त्याला परंपरा नाही असं कुणी म्हणालं की मी मुलांना हे आवर्जून सांगते.

हा नियम कोल्हापुरातल्या साध्या प्रयोगशाळेत डोळ्यांनी पाहता येतो. बायपेक्टिनाटा आणि मालेरकोटलियाना (पंजाबातल्या मालेरकोटल्यावरून नाव पडलेली) या चिलटांच्या दोन जवळच्या प्रजाती भारतात सर्रास सापडतात आणि बनारस हिंदू विद्यापीठात या गटावर बरंच काम झालेलं आहे. त्यांच्या संकरात माद्या प्रजननक्षम निघतात, नर वांझ. रानातून आणलेल्या प्रत्येक मादीची स्वतंत्र नळी लावायची, कारण माद्यांवरून प्रजाती ओळखणं कठीण असतं. तिची नर पिल्लं बाहेर आली की त्यांच्या पुढच्या पायावरच्या काळ्या दातेरी रांगांवरून ओळख पटते. मग कोषातून नुकत्याच निघालेल्या, मीलन न झालेल्या माद्या वेगळ्या करायच्या आणि दुसऱ्या प्रजातीचे नर सोडायचे. संकरित नर चार-पाच दिवसांचा झाला की त्याचं वृषण खारट द्रावणाच्या थेंबात फोडून काचपट्टीवर बघायचं. शुद्ध नरात शुक्राणूंची वळवळ दिसते, संकरित नरात दिसत नाही. खाद्याला रवा, गूळ, अगर आणि बुरशी येऊ नये म्हणून थोडं प्रोपिऑनिक आम्ल. खर्च फार नाही. खरी अडचण एप्रिल-मेच्या उन्हाळ्यात तापमान धरून ठेवण्याची आणि वीज गेल्यावर इनक्युबेटर सांभाळण्याची असते. म्हणून प्रत्येक ओळीच्या दोन प्रती दोन वेगळ्या खोल्यांत ठेवायची सवय मी सगळ्यांना लावते.

इथे एक गैरसमज दूर करते, कारण तोंडी परीक्षेत तो हमखास येतो: गुणसूत्रांची संख्या वेगळी म्हणजे प्रजाती वेगळी. घोड्याची 64, गाढवाची 62, खेचराची 63, आणि खेचर जवळजवळ नेहमी वांझ. हे सगळ्यांना पाठ असतं. पण आपल्या गोठ्यातली पंढरपुरी किंवा मुऱ्हा म्हैस घ्या, तिची गुणसूत्रं 50. ईशान्य भारतात आणि आग्नेय आशियात दलदलीतल्या म्हशी आहेत, त्यांची 48. दोघांच्या संकराची 49, आणि ती प्रजा वीण करते. दोन गुणसूत्रं टोकाला टोक जोडून एक झाली, जनुकांचा मजकूर फारसा बदलला नाही, म्हणून अडसर पडला नाही. आणि ऊस तर याच्याही पुढे. आज आपल्या शिवारात उभा असलेला ऊस शुद्ध एका प्रजातीचा नाहीच. 1912 मध्ये सुरू झालेल्या कोइमतूरच्या ऊस पैदास केंद्रात जाड, गोड ऊस आणि रानटी ऊस यांचा संकर झाला, त्यातून 1918 मध्ये को 205 आला, आणि पुढच्या बहुतेक वाणांच्या अंगात, को 86032 सकट, रानटी उसाचा अंश आहे. या वाणांमध्ये गुणसूत्रं शंभराच्या वर असतात. वनस्पतींमध्ये प्रजातींची सरमिसळ हा वाट चुकलेला अपवाद नसतो, नवं काही तयार होण्याचा तो एक नेहमीचा मार्ग असतो. "दोन प्रजातींची संतती वांझच" हे वाक्य शाळेत ठीक, संशोधनात ते घेऊन येऊ नका.

आता सह्याद्री, म्हणजे तुमचा "कोल्हापूर की बाहेर" हा प्रश्न. झँथोफ्राइन या जीनसमधल्या (जीनस म्हणजे जवळच्या प्रजातींचा गट) भेकांच्या दोनच प्रजाती जगात माहीत आहेत. एक कोयनेची, 1963 मध्ये वर्णन झालेली, दुसरी आंबोलीची, 2009 मधली. सरळ रेषेत दोन्ही ठिकाणांमध्ये साधारण दीडशे किलोमीटर अंतर, आणि आपलं कोल्हापूर त्यांच्या मधोमध. दाजीपूरच्या परिसरात सापडलेल्या एका पालीचं नावच निमॅस्पिस कोल्हापुरेन्सिस आहे, तीही 2009 मधली. गळ्याला रंगीत पंखा असलेल्या सरड्यांचा सारडा हा जीनस 2016 मध्ये वेगळा केला गेला, त्यातली एक प्रजाती साताऱ्याच्या चाळकेवाडी पठारावरची. नराच्या गळ्याचा तो पंखा मादीला आणि दुसऱ्या नरांना दाखवण्यासाठीच असतो, म्हणजे मीलनाआधीच्या अडसराचा अभ्यास करायला याहून चांगला प्राणी शोधून मिळणार नाही. वनस्पतींकडे वळायचं असेल तर कंदीलपुष्पं आहेत. त्यांच्या फुलात बारीक माश्या अडकतात, काही काळ आत राहतात आणि फूल मलूल झाल्यावर परागांसकट सुटतात. दोन कंदीलपुष्पं एकाच कड्यावर वेगळी राहतात ती वेगळ्या माश्या बोलावल्यामुळे का, हा प्रश्न वर्षानुवर्षं पुरेल. शिवाजी विद्यापीठाच्या वनस्पतीशास्त्र विभागात कंदीलपुष्पांवर झालेलं काम आधी वाचा.

पण एक गोष्ट मला तळमळीनं सांगायची आहे. आपल्याकडे "नवी प्रजाती शोधली" ही बातमी होते आणि विद्यार्थ्यांना वाटतं हेच प्रजातीनिर्मितीचं संशोधन. वर्गीकरणाचं काम अतिशय कष्टाचं आहे, त्याच्याशिवाय आमचं पानही हलत नाही. तरीही नाव ठेवणं आणि ती वेगळी कशी झाली हे शोधणं ही दोन कामं आहेत. हल्ली प्राण्याच्या पेशीतल्या एका जनुकाचा, सीओआयचा, सुमारे साडेसहाशे अक्षरांचा तुकडा वाचला जातो. ही पद्धत 2003 मध्ये पुढे आली आणि ओळख पटवायला ती उत्तम आहे. मात्र हा तुकडा मायटोकाँड्रियातला, म्हणजे पेशीला ऊर्जा पुरवणाऱ्या घटकातला, फक्त आईकडून येणारा. पाल किंवा भेक फार लांब जात नाहीत, त्यामुळे दोन डोंगरांवरच्या प्राण्यांत हा तुकडा बराच वेगळा निघतो. उत्तरेचा एक नमुना, दक्षिणेचा एक नमुना, मध्ये काहीच नाही, अशी तुलना केली तर फरक मोठा दिसणारच. तो अचानक तुटलेला आहे की अंतराबरोबर सावकाश वाढत गेलेला आहे, हे मधल्या डोंगरांवरचे नमुने घेतल्याशिवाय कळत नाही. तुटलेला असेल तर अडसर आहे, सावकाश वाढलेला असेल तर तो कदाचित एकच मोठा समूह आहे.

ते मधले डोंगर आपल्या जिल्ह्यात आहेत. राधानगरी, दाजीपूर, पन्हाळा, गगनबावडा, शाहूवाडी. बंगळुरूची किंवा पुण्याची टीम वर्षातून एकदोनदा येऊन जाते. पहिल्या पावसाच्या रात्री कातळावरच्या डबक्यापाशी कोण असणार, तर इथे राहणारा माणूस. विणीचा हंगाम कुठे कधी सुरू होतो, साद कशी बदलते, दोन गट एकाच सड्यावर येतात का, हे सलग काही वर्षं नोंदलं तर कुठल्याही मोठ्या प्रयोगशाळेला ते हवं असतं. डीएनए वाचायचं काम आता पैसे भरून बाहेरून करून घेता येतं. नमुन्यांची आखणी आणि निकालाचा अर्थ मात्र तुम्हालाच लावावा लागतो.

म्हणून माझा सल्ला असा: पीएच.डी.साठी शक्य असेल तर बाहेर जा, प्राणी मात्र इथलाच निवडा. बाहेर जा म्हणण्याचं कारण इमारती किंवा यंत्रं हे नाही. बंगळुरूचं परिस्थितीविज्ञान केंद्र, एनसीबीएस, जवाहरलाल नेहरू केंद्र, हैदराबादचं सीसीएमबी, पुण्याचं आयसर अशा संशोधन संस्थांत तुमचा युक्तिवाद दर आठवड्याला चारचौघांत तपासला जातो. एकट्यानं काम करताना त्याचीच सगळ्यात जास्त उणीव भासते. घरच्या अडचणीमुळे बाहेर जाता येणार नसेल तर शिवाजी विद्यापीठातून पीएच.डी. करा आणि बाहेरचा सहमार्गदर्शक मिळवा. त्यातही चांगलं काम होतं, फक्त वेळ जास्त लागतो आणि वाचन स्वतः ठरवून करावं लागतं.

पगाराबद्दल वडिलांशी सरळ बोला. नेट या राष्ट्रीय परीक्षेतून जेआरएफ, म्हणजे संशोधनाची फेलोशिप, मिळाली तर 2023 पासून महिन्याला 37,000 रुपये आणि घरभाडं भत्ता मिळतो. त्यावर मुलगा किंवा मुलगी स्वतःच्या पायावर राहू शकते. सारथी, बार्टी, महाज्योती या राज्य सरकारच्या संस्थांच्याही पीएच.डी. फेलोशिप आहेत, त्यांच्या अटी आणि जागा बदलत असतात, म्हणून त्या त्या वर्षाची जाहिरात वाचा. नंतरचा टप्पा अवघड आहे आणि तो झाकून ठेवण्यात अर्थ नाही. महाविद्यालयांत कायम जागा कमी निघतात, पुष्कळ पीएच.डी. झालेले लोक तासिका तत्त्वावर शिकवतात आणि त्यांना सुट्टीचा पगार मिळत नाही. यासाठी दोन आधार आतापासून तयार करा. एक संख्याशास्त्र, आर या मोफत संगणकभाषेसह, कारण ते येणाऱ्याला शेती संशोधनात, आरोग्य क्षेत्रात, बियाणं कंपन्यांत काम मिळतं. दुसरा आधार म्हणजे समूह-जनुकशास्त्राचं गणित. ते बारावीच्या बीजगणितावर आणि संभाव्यतेवर उभं आहे, घाबरण्यासारखं नाही, पण रोज थोडं सोडवावं लागतं. प्राणिशास्त्र घेतलं म्हणजे गणित सुटलं असं समजणारी मुलं नेमकी या विषयात मागे पडतात, आणि मला त्याचं वाईट वाटतं, कारण अनेकदा तीच मुलं रानात सगळ्यात तीक्ष्ण नजरेची असतात.

शेवटच्या वर्षात लगेच करण्यासारखं म्हणाल तर, चिलटांच्या दोन ओळी लावा आणि एक संकर शेवटपर्यंत नेऊन पाहा. रानात जाल तेव्हा साद ध्वनिमुद्रित करा, फोटो घ्या, तारीख आणि जागा लिहा, प्राणी उचलू नका. राधानगरी हे 1958 मधलं राज्यातलं पहिलं अभयारण्य आहे, तिथे वनविभागाच्या लेखी परवानगीशिवाय नमुना घेणं हा गुन्हा आहे, आणि परवानगी संस्थेमार्फत काढावी लागते. मग एका पानावर लिहून काढा: कोणती जोडी, तिच्यातला कोणता अडसर, तो मोजणार कसा, मधले नमुने कुठून येणार, आणि कोणता निकाल आला तर तुमचा अंदाज चुकीचा ठरेल. पत्र पाठवताना मार्गदर्शकाला गुणपत्रिकेच्या आधी हे पान दिसू द्या. लिहून झालं की इथेही टाका, मी वाचून काय कमी आहे ते कळवते.